आपला कॅट आपणच जुळवावा

सुट्टीतल्या रखरखीत दुपारी जालना जिल्ह्यात घरोघरी मेंढीकोट आणि बदाम सात हे पत्त्यांचे डाव रंगतात. त्यात ५२ पानं ठरलेली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही १२० पानं ठरलेलीच. दहा अवतार, प्रत्येकाची बारा.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक’ हा खेळ आला, आणि कॅट जुळवण्याचं काम खेळणाऱ्याकडे आलं. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनची पानं निघाली. त्यांचा कॅट बरोबर ६० पानांचा. एका नावाची चारच पानं चालतात. फक्त मूळ ऊर्जेच्या पानांना ही मर्यादा नाही.

खरी गंमत इथेच आहे. सुरुवातीला हातात सात पानं येतात. आवडतं पान एकच ठेवलं, तर ते त्या सातांत शंभरातून जेमतेम बारा वेळा येईल. चार ठेवली, तर त्यातलं एक तरी चाळीस वेळा. मग चारच का ठेवू नयेत? कारण जागा साठच! रायचू हा पोकेमॉन दमदार, पण आधी पिकाचू मांडल्याशिवाय तो सहसा उतरवता येत नाही. नुसते रायचू भरले, तर ते हातातच अडकतात. म्हणून एक पान काढायचं, दुसरं घालायचं, पिसायचं, पुन्हा खेळून बघायचं. तासन् तास जातात, आणि मला ते सार्थकी लागलेले वाटतात.

पालकांनो, महागडी पाकिटं लगेच घेऊ नका. आधी पुठ्ठ्याची पानं कापून द्या, आणि मुलांना विचारा: हे पान का ठेवलंस, ते का काढलंस?