आडवाटेसाठी जॅक कोणता घ्यावा?



जीप किंवा पिकअप घ्यायला निघालेला माणूस दहा गोष्टी विचारतो. इंजिन कसे आहे, डिझेल किती पिते, टायर कोणते, हप्ता किती. पण "हिच्याबरोबर जॅक कोणता येतो, आणि तो आमच्या वाटेवर चालेल का?" असे विचारणारा क्वचितच भेटतो. जॅक बिचारा सीटखाली पडून असतो. त्याची आठवण होते ती ऐन पावसाळ्यात, पाणंदीत टायर बसल्यावर. गाडीत एखादी बाळंतपणाला निघालेली लेक असते, नाहीतर बाजाराला निघालेला भाजीपाला असतो, आणि डांबरी सडक अजून कोसभर लांब असते. त्या घटकेला जॅकची निवड करता येत नाही. ती आधीच झालेली असते. म्हणून आज तिचाच विचार करू.

दुकानात आपण पाहतो तो जॅकवरचा टनांचा आकडा. "दोन टनी नको, चांगला पाच टनी द्या," असे म्हणून आपण निश्चिंत होतो. आकडा पाहायला हवाच. पण बहुतेक वेळा अडते ते तिथे नाही. समजा, तुमची गाडी मालासकट अडीच टनांची आहे. एक चाक उचलताना जॅकवर सगळे अडीच टन येत नाहीत. साधारण चौथा हिस्सा येतो, आणि मागे माल भरलेला असेल तर थोडा अधिक. ८०० किलो धरा. दोन टनी जॅकला हे काही जड नाही. मग जॅक हरतो कुठे? तो हरतो खाली, जमिनीत.

इथे थोडा हिशेब मांडू. शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर घ्यावा असाच तो आहे. उभ्या, बाटलीच्या आकाराच्या जॅकचा तळ समजा १० सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर. त्यावर ८०० किलो आले, की दर चौरस सेंटीमीटरवर ८ किलो पडले. आता टायर पाहा. त्यात ३० पौंड हवा असेल, तर तो दर चौरस सेंटीमीटरला साधारण २ किलोनेच जमिनीला दाबतो. ज्या चिखलाला टायरचे २ किलो पेलवत नाहीत, तो जॅकचे ८ किलो कसे पेलणार? तुम्ही दांडा मारीत राहता, आणि गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो.

पण त्याच जॅकखाली ४० सेंटीमीटर लांबरुंद फळी ठेवली, तर तळ १६०० चौरस सेंटीमीटरांचा झाला आणि दाब उरला अवघा अर्धा किलो! जॅक तोच, गाडी तीच. फरक फळीचा. ही फळी बाभळीची किंवा सागाची, चांगली दोन इंच जाड असावी. पातळ फळी मधोमध वाकते, आणि मग भार पुन्हा एका जागी येतो. विटेवर किंवा सुट्या दगडावर जॅक कधी उभा करू नये. वीट भुगा होते, दगड निसटतो.

आता जॅकचे प्रकार पाहू.

पहिला कैचीचा जॅक. पुष्कळ मोटारींबरोबर हाच येतो. वजनाला हलका, तेलाची भानगड नाही, आणि मिटल्यावर बुटका, म्हणून बसलेल्या गाडीखालीही सहज सरकतो. सडकेवर उत्तम. पण तळ अरुंद, त्यामुळे उतारावर किंवा भुसभुशीत जागी तो कलंडण्याची भीती फार.

दुसरा बाटली जॅक. याच्या पोटात तेल असते. बंद तेलावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. त्याच नियमाने लहान दट्ट्यावरचा हाताचा जोर मोठ्या दट्ट्यावर कितीतरी पटींनी वाढतो. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ साली असा हलवता येण्याजोगा जॅक पेटंट केला. जीप आणि पिकअपला हा फार सोयीचा. मात्र तो उभाच वापरायचा असतो, आणि त्याची सील झिजली की तेल पाझरून गाडी हळूहळू खाली बसते. म्हणून मृगाआधी एकदा घरी वापरून पाहावा.

तिसरा उंच, भोकाभोकांच्या पट्टीचा जॅक. अमेरिकेतल्या शेतांवर कुंपणाचे खांब उपटायलाही तो वापरतात. चार फुटी जॅकचे वजन बारा-तेरा किलो भरते, आणि तो गाडी कमरेइतकी उचलू शकतो. पण त्याला मजबूत लोखंडी बंपर लागतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तो कुचकामी. शिवाय हात सुटला तर त्याचा दांडा उसळून जबड्यावर बसतो. वापरणाऱ्याने तोंड दांड्याच्या वाटेत आणू नये. नवख्याच्या हाती तर तो देऊच नये.

चौथा हवेच्या पिशवीचा. तो गाडीच्या धुराने फुगतो. तळ रुंद असल्याने नदीच्या वाळूत चांगला. पण काटा, अणकुचीदार दगड आणि तापलेला सायलेन्सर हे त्याचे वैरी.

मग घ्यावा कोणता? दुकानात जाण्याआधी एक माप घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या एका चाकाची हवा सोडा, आणि आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. मिटलेला जॅक, खालच्या फळीसकट, त्याहून बुटका हवा. आणि पूर्ण उघडल्यावर तो इतका उंच व्हावा, की फुगलेले चाक खालून सहज बसेल. पाट्यांच्या गाडीला जॅक आसाखाली, पाट्याजवळ लावावा. चासीखाली लावला तर आधी पाटेच ताणतात, चाक लोंबत राहते, आणि जॅकची निम्मी उंची वाया जाते. मोटारीला मात्र कंपनीने दाखवलेल्या जागीच लावावा. इतके करूनही चार बोटे कमी पडली, तर गाडी आणखी वर नेण्याचा हट्ट नको. चाकाखालची माती कुदळीने थोडी उकरा. गाडी वर जात नसेल, तर जमीन खाली न्यावी!

वऱ्हाडातल्या काळ्या मातीत राहणाऱ्याने बाटली जॅक आणि मोठी फळी घ्यावी. कोकणात जांभ्याच्या कडक सड्यावर लहान फळीही पुरेल; पण तिथल्या उतारांवर चाकांना दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. गाडीतली माणसे आधी उतरवा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा, समोरच्या बाजूच्या चाकांना पुढे-मागे दगड लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. काढलेले चाक, नाहीतर स्टेपनी, चासीखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, माणसावर नव्हे. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. "एकच मिनिट, एवढा नट पाहतो," म्हणून शिरलेल्यावर गाडी येते, तेव्हा तिला ते मिनिटही लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या अंगणात ओल्या मातीवर एक वीट आडवी ठेवा, एक उभी ठेवा. दोन्हींवर सारखे वजन ठेवून मुलांना खोली मोजायला सांगा. वजन सारखे, पण खड्डे वेगळे. एवढे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, तो उद्या चालक होईल तेव्हा गाडीत फळी ठेवायला विसरणार नाही.