पाटीवरचे नाव आणि पाकिटातील माल



सातारा व सांगली जिल्ह्यांत आपल्या कुटुंबांनी जे लहानमोठे धंदे काढले आहेत, त्यांच्याविषयी मी चार शब्द बोलावेत अशी आपली इच्छा आहे. माझा व्यवसाय वकिलीचा. दुकान मी कधी चालविलेले नाही. परंतु धंदा अडचणीत आला म्हणजे कागदांची पिशवी घेऊन माणसे माझ्या कचेरीत येतात, आणि ती पिशवी उलगडताना चूक कोठे झाली हे मला पुष्कळदा दिसते. तेवढ्याच अधिकाराने मी आज बोलत आहे.

गेल्या वर्षी मिरज तालुक्यातील एक भगिनी आल्या. हळद व मिरची दळून तिची पाकिटे विकणे हा त्यांचा उद्योग. पाकिटावर छापावयाचा मजकूर त्यांच्या पुतण्याने लिहून दिला होता : 'अस्सल सांगलीची हळद. शंभर टक्के शुद्ध. मधुमेहावर रामबाण.' खाली एक गोड नाव आणि फोनचा आकडा. मालकिणीचे नाव नाही, गावाचे नाही. मी विचारले, "ताई, यात आपण कोठे आहात?" त्या म्हणाल्या, "साहेब, आडनाव वाचलं की लोक पाकीट परत खाली ठेवतात. पुतण्या म्हणतो, नाव नको आणि गुण जास्त लिहू."

नाव नको आणि गुण जास्त! आपल्या लहान धंद्यापुढे उभे असणारे दोन्ही मोह या पाच शब्दांत आले आहेत. एक, स्वतःला लपविण्याचा. दुसरा, मालाला फुगविण्याचा. दोहोंचे मूळ भीतीत आहे, आणि दोहोंचा शेवटही एकच आहे. ज्याच्याजवळ वडिलोपार्जित पेढी नाही, त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या शब्दावरचा विश्वास. हे दोन्ही मोह नेमके तेच भांडवल खातात.

प्रथम नावाविषयी. त्या भगिनीच्या भीतीला हसण्याचा अधिकार कोणासही नाही. ही भीती याच मातीत उगवलेली आहे. १९०१ साली बाबासाहेब आपल्या भावंडांसह वडिलांना भेटण्यास निघाले आणि सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर उतरले. त्यांचे चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलाने खरी जात सांगितली, आणि मास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एकजण तयार झाला. वाटेत टोलनाक्यावर पाणी हवे होते. गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. खरे सांगून गाडी अडली आणि खोटे सांगूनही घसा कोरडाच राहिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे परदेशातील पदव्या घेऊन आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजाराच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो धंदा मिटवावा लागला. ज्ञानात उणे काहीच नव्हते.

मीदेखील निर्मळ नाही. सनद मिळाल्यावर एका हितचिंतकाने मला सल्ला दिला, की पाटीवर आडनाव घालू नका, नुसती आद्याक्षरे घाला. दोन वर्षे मी तशीच पाटी ठेवली. पक्षकार येत. परंतु प्रत्येक नवा पक्षकार समोर बसला की याला केव्हा कळेल या विचाराने मी खटल्याकडे अर्धेच लक्ष देई. पाटी बदलल्यावर काही माणसे कमी झाली हे खरे. जी राहिली त्यांच्याशी मात्र मी मोकळेपणाने बोलू लागलो, आणि त्यांनीच पुढची माणसे आणली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. धंद्याचे नाव आपणास हवे ते ठेवता येते. त्यात असत्य नाही. आडनावाऐवजी बोधचिन्ह मोठे छापले, तरी तो आपला अधिकार. परंतु वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे अथवा भरणाऱ्याचे नाव व संपूर्ण पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे हवे, असे २०११ चे वेष्टनबंद वस्तूंचे नियम सांगतात. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा खात्याकडील नोंदणी अथवा परवाना घेऊन त्याचा १४ अंकी क्रमांकही छापावा लागतो. म्हणजे ज्या नावाची आपणास भीती वाटते, ते कायद्यानेच पाकिटावर आणले आहे. मग ते कोपऱ्यात दडवून का छापावे?

नाव वाचून कोणी संगनमताने आपला व्यवहार तोडला, तर उपाय आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा धंदा करण्याच्या हक्काचे रक्षण करतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आर्थिक बहिष्कार स्पष्टपणे गुन्हा ठरला. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही अनुसूचित जातींचे स्थान मिळालेले असल्याने या संरक्षणास ते मुकत नाहीत. जातीचा दाखला मात्र हाताशी ठेवावा. तथापि वकील म्हणून खरे तेच सांगतो : एकट्या गिऱ्हाइकाने मुकाट्याने पाकीट खाली ठेवले, तर त्यावर खटला उभा राहत नाही. तेथे पाकिटातील मालच आपली बाजू मांडतो. म्हणून आता मालाकडे वळू.

'अस्सल सांगलीची हळद' या शब्दांना आज कायद्याचा अर्थ आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बेदाण्यास ते २०१६ मध्येच मिळाले होते. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या आणि हिंगोलीकडील वसमतच्या हळदीलाही स्वतंत्र मानांकन आहे. सांगलीच्या बाजारात हळद येते ती मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातूनही येते. तेव्हा सांगलीच्या सौद्यात घेतलेली हळद आणि सांगली भागात पिकलेली हळद या दोन भिन्न गोष्टी होत. मानांकनाचे नाव वापरावयाचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. परमुलखातील मालावर ते नाव लावणाऱ्यास सामान्यतः ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. मी त्या भगिनींना विचारले, हळकुंडे कोठून घेता? त्या म्हणाल्या, "अडत्याकडून. कुठली ते विचारलं नाही." जे आपणास ठाऊक नाही, ते आपण छापणार होतो!

'मधुमेहावर रामबाण' हे तर त्याहून घातक. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग अमुक वस्तूने बरे होतात अशी औषधी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडाचे सोडा. आपला शब्द खरा मानून एखाद्या म्हातारीने गोळ्या बंद केल्या, तर त्या पापाची भरपाई कोणत्या न्यायालयात होणार?

राहिले 'शंभर टक्के शुद्ध'. हे प्रत्येक पाकिटावर असते, म्हणून ते कोणी वाचत नाही. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून तिला शिशाचे क्रोमेट लावले जात असल्याचे २०१९ साली संशोधकांनी उघड केले. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. तेथील सरकारने जनजागृती केली, धाडी घातल्या, आणि २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांत ते आढळेनासे झाले. ही भेसळ वाढण्याचे कारण काय? गिऱ्हाइकास भडक रंग आवडतो, आणि विक्रेत्याने त्याला कधी सांगितले नाही की भडक म्हणजे चांगली नव्हे. आपली हळद फिकी दिसत असेल तर तसे सांगा, का फिकी दिसते तेही सांगा. मालाचा दिसणारा उणेपणा जो स्वतःहून सांगतो, त्याने सांगितलेल्या गुणावर लोक विश्वास ठेवतात.

मग विक्री वाढवावयाची कशी? याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानातील माळावर आपला कारखाना वसविला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. असा समज मोठ्या शब्दांनी जात नाही. नांगरलेले रान आणि त्यातले पीक डोळ्यांनी पाहिल्यावर जातो. पुढे १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत नियमाने जावी हा तिचा आरंभ, आणि त्यातूनच मराठीतील एक नामवंत मासिक उभे राहिले. आपल्याजवळ कारखाना नाही. पण माल दाखवावा आणि खबर द्यावी, ही रीत आपणास परवडणारी आहे.

ती अशी. जे तपासून पाहता येईल तेच सांगावे : हळकुंडे कोणत्या गावची, केव्हा काढलेली, कोणत्या तारखेस दळलेली. लहान पाकीट काढावे, म्हणजे अनोळखी माणूस थोड्या पैशांत पारख करील. काट्यावर पडताळणीची मुद्रा असावी आणि वजनात पिशवीचे वजन धरू नये. चारशे छापून, खोडून, तीनशेला दिल्याचा देखावा करू नये. चाळीस पाकिटे शिल्लक असताना सबंध तालुक्यास स्वस्ताईचे आमंत्रण देऊ नये. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा आमिषाच्या जाहिरातीवर बंधने आहेत. मोबाईलवर भाच्या-पुतण्यांकडून परक्या नावाने स्तुती लिहवून घेऊ नये. गिऱ्हाइकाचे पत्र वा छायाचित्र त्याच्या संमतीविना छापू नये. शेजारच्या दुकानदाराची निंदा करू नये. तक्रार आली तर पाकीट बदलून द्यावे, आणि काय बिघडले ते वहीत तारखेसह लिहावे. ती वही आपला उत्तम शिक्षक होय; प्रसंगी न्यायालयात ती साक्षीदारही होते.

सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका ही दोन अंगे आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. दुकानात ती वेगळी राहत नाहीत. जातककथांत सेरी राज्यातील दोन फेरीवाल्यांची गोष्ट आहे. एका गरीब आजीने काजळलेले जुने पात्र दाखवून नातीसाठी एखादा दागिना मागितला. पहिल्याने सुईने ओरखडा काढून ते सोन्याचे असल्याचे ओळखले, आणि फुकटात लाटावे म्हणून 'याला कवडीची किंमत नाही' असे म्हणत फेकून दिले. दुसरा आला. तो म्हणाला, आजी, हे लाख मोलाचे आहे, तेवढे माझ्याजवळ नाही. मग जवळचे सारे पैसे आणि माल त्याने दिला. आठ नाणी, तराजू व पिशवी तेवढी मागून घेतली. आजीला सोने ओळखता येत नव्हते. आपल्या गिऱ्हाइकालाही पाकिटात काय आहे ते दिसत नाही. जे त्याला दिसत नाही, ते आपण काय सांगतो यावरच आपला धंदा उभा आहे.

त्या भगिनींनी पहिला मजकूर बाजूला ठेवला. नव्या पाकिटावर हळकुंडांचे गाव आहे, दळल्याची तारीख आहे, घटक म्हणून 'हळद' एवढा एकच शब्द आहे, आणि त्यांचे संपूर्ण नाव ठळक अक्षरांत आहे. एका किराणा दुकानदाराने ती पाकिटे परत पाठविली. इतर दोघांनी ठेवून घेतली, आणि त्यांतील एकाने पुढील महिन्यात त्याच गावची हळद पुन्हा मागितली. यास मोठे यश म्हणता येणार नाही. परंतु जे मिळाले ते त्यांच्या नावावर मिळाले आहे, म्हणून ते उद्या उघडकीस येण्याची त्यांना भीती नाही.

आपल्यापैकी जे या महिन्यात नवी पाटी रंगविणार आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे : रंगाऱ्याला मजकूर देण्यापूर्वी तो एकदा आपल्या मुलांसमोर मोठ्याने वाचा. वाचताना ज्या शब्दाशी जीभ अडखळेल, तो शब्द काढून टाका. आपले नाव मात्र काढू नका.

जयभीम.