हातचें काम सुटूं लागतें तेव्हां

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत प्रौढांच्या सायंसभेपुढें झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं धर्मगुरूनें गतकाळांतील ईश्वरी कृपांची मोजदाद करावी, ज्यांनीं मंदिराच्या पायासाठीं विटा वाहिल्या त्यांचे आभार मानावे, आणि भोजनाची घंटा होण्यापूर्वीं खालीं बसावें, अशी रीत आहे. ती मोजदाद व ते आभार महोत्सवाच्या पुस्तिकेंत आमच्याहून अधिक अधिकारी हातांनीं लिहिले जावयाचे आहेत. उत्सवसमितीनें आम्हांस दिलेला अर्धा तास आम्ही, तिच्याच अनुमतीनें, एका कमी मंगल विषयाकडे लावीत आहों. वयाच्या तिसाव्या व चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान ज्याच्या हातचें काम जाण्याच्या बेतांत आहे त्या ख्रिस्ती गृहस्थानें काय करावें, आणि आपण इतरांनीं त्याच्यासाठीं काय करावें, हा तो विषय होय.

हा विषय आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाहीं. रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या आवारांत, दुचाकीवरून न उतरतां एक पाय जमिनीस टेंकून, पुष्कळ जण आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "फादर, आमची खाण आणखी किती वर्षें चालेल असें आपणांस वाटतें ?" (पापनिवेदनांत ऐकलेली गोष्ट येथें येत नाहीं, व कधींही येणार नाहीं, हें सांगावयास नकोच.) या प्रश्नाचें उत्तर भूगर्भशास्त्रज्ञानें द्यावयाचें, आम्हांस सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकविलें, कोळशाचे थर शिकविले नाहींत. विचारणाऱ्यासही तें ठाऊक असतें. त्यास विचारावयाचें असतें तें निराळेंच. खाण मिटली म्हणजे माझ्या घरांत माझी किंमत काय राहील, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

हें संकट कोणत्याही वयांत कडूच. तरी विशीच्या तरुणामागें बहुधा आईबाप उभे असतात, आणि पन्नाशी उलटलेल्याचीं मुलें मार्गास लागलेलीं असतात. मधल्या मनुष्याच्या खांद्यावर मात्र दोन्ही बाजूंचें ओझें असतें. मुलें शाळेंत, वडील दवाखान्यांत, घराचें कर्ज बँकेंत, आणि बहिणीचें लग्न पुढच्या हिंवाळ्यांत ! शिवाय नवीन कांहीं शिकावें तर वय झालें असें लोक म्हणतात, आणि स्वस्थ बसावें तर वय झालें नाहीं असेंही तेच लोक म्हणतात.

आपण ज्या गांवांत राहतों त्या गांवास हा प्रसंग नवा नाहीं. वरोऱ्याची सरकारी कोळशाची खाण इ. स. १८७० नंतरच्या दशकांत चालू झाली. तिच्या कोळशासाठींच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फांटा आणला गेला. चांदा जिल्ह्याच्या त्या काळच्या रानांत आगगाडी येथपर्यंत आली ती प्रवाशांच्या सोयीसाठीं नव्हे, कोळशाच्या भारासाठीं. पुढें १९०६ मध्यें ती खाण बंद झाली, व सरकारी खाणकाम बल्लारपुराकडे गेलें. जे मजूर त्या खाणींत उतरत होते त्यांतील कित्येक तिशींतलेच असतील. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. परंतु रुळ राहिले. ते पुढें बल्लारशहापर्यंत वाढले, १९२९ मध्यें काझीपेठेस जोडले गेले, आणि कोळशाच्या फांट्यावरचें हें स्टेशन दिल्ली व मद्रास यांच्या हमरस्त्यावर आलें. कापसाची बाजारपेठ वाढली. खाणीवांचून गांव जगलें खरें. परंतु गांव जगलें म्हणजे त्या गांवांतील प्रत्येक कुटुंब जगलें असें समजूं नये. गांवाला थांबावयास पंचवीस वर्षें मिळतात, मनुष्याच्या घरीं पीठ पंधरा दिवसांचें असतें. जुन्या इतिहासावरून समाधान करून घेणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

अलीकडचें उदाहरण घ्यावयाचें तर भद्रावतीजवळील बरांजचें घेतां येईल. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें देशांतील २०४ कोळसापट्ट्यांचें वाटप रद्द केलें. ज्या खाणी प्रत्यक्ष चालू होत्या त्यांस ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत मिळाली. कर्नाटकाच्या वीजकेंद्रांस कोळसा पुरविणारी बरांजची खाण त्यांत सांपडली व बंद पडली. पुढें कांहीं वर्षांनीं ती पुन्हां चालू झाली. पट्ट्यांचें वाटप कसें झालें यांत तेथें डंपर हांकणाऱ्याचा कांहीं एक हात नव्हता. त्याची पाळी मात्र बुडाली. काम गेलें म्हणजे मनुष्यांत कांहीं खोट असली पाहिजे, असें जें आपले शेजारी व कधीं कधीं सासरचीं माणसें समजतात, त्यांनीं या एका उदाहरणाचा नीट विचार करावा. आणि ज्याचें काम गेलें त्यास "ईश्वरेच्छा" एवढाच शब्द ऐकवून घरीं परतणाऱ्या भाविकांनींही तो करावा. कोळसा संपणें, भूमिगत खाणीच्या जागीं ओपनकास्ट येणें, दहा पाट्यांचें काम एका यंत्रानें करणें, कायम मजुराच्या जागीं ठेकेदाराचा मजूर येणें, हीं सर्व मनुष्यांच्या निर्णयांचीं व भूमीच्या मर्यादांचीं फळें आहेत. त्यांचें खापर परमेश्वराच्या माथीं फोडणें ही भक्ति नव्हे.

पवित्र सभेनें या बाबतींत मौन धरिलेलें नाहीं. १८९१ मध्यें तेरावे लिओ यांनीं मजुरांच्या स्थितीवर जगद्विख्यात परिपत्रक काढिलें. त्यानंतर नव्वद वर्षांनीं, १९८१ मध्यें, दुसरे जॉन पॉल यांनीं श्रमाविषयीं परिपत्रक लिहिलें, त्यांत बेकारी हें सर्व प्रकारें अनिष्ट आहे आणि बेकारांच्या निर्वाहाची तरतूद करणें हें समाजाचें कर्तव्य आहे असें स्पष्ट प्रतिपादिलें. हे पोप महाशय तरुणपणीं, जर्मनांच्या अमलाखालीं, पोलंडांत दगडाच्या खाणींत व पुढें रासायनिक कारखान्यांत मजूर होते. आपल्यांतील खाणकामगारांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें.

शुभवर्तमानांत या विषयावर सर्वांत अडचणीचा दाखला संत लूकाच्या सोळाव्या अध्यायांत आहे. धन्यानें आपल्या कारभाऱ्यास हिशेब मागितला व कामावरून दूर करण्याचें ठरविलें. त्या कारभाऱ्यानें स्वतःशीं विचार केला कीं, खणण्याचें बळ आपणांत नाहीं आणि भीक मागण्याची लाज वाटते. खणण्यावर जगणाऱ्या आपल्या मुलखांत हें वाक्य वाचलें म्हणजे आम्हांस नेहमीं थोडें हसूं येतें. येथें खणतां येणाऱ्याचेंच काम जात आहे! त्या कारभाऱ्याची लबाडी प्रभूनें वाखाणिली नाहीं. त्याचें एकच वाखाणलें, तें असें कीं काम हातीं असतांच त्यानें पुढचा विचार केला. त्यानें रडण्यांत दिवस घालविला नाहीं, आणि सर्व ठीक होईल असें म्हणत झोंपही घेतली नाहीं. आपल्या खाणींतील आमचे बंधु बहुधा या दोन गोष्टींपैकीं एक करतात.

दुसरें उदाहरण आम्हांस याहूनही प्रिय आहे. संत पौल करिंथास आले तेव्हां अक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरीं उतरले. क्लौद्य कैसराच्या हुकुमानें यहुद्यांस रोम सोडावें लागलें होतें, त्यांत हीं दोघें निघालीं होतीं. दुकान गेलें, गिऱ्हाइक गेलें, राजधानी गेली. राहिलें काय ? तंबू शिवण्याची विद्या. पौलांचाही तोच धंदा, म्हणून ते त्यांच्यापाशीं राहिले व तिघें मिळून काम करूं लागलीं. पदवी व जागा कैसर घेऊं शकतो. हातांतील कसब तो घेऊं शकत नाहीं. आणि येथें पतिपत्नी बरोबरीनें राबत आहेत हेंही पाहावें. आमच्या धर्मग्रामांत कामावरून कमी होण्याची नोटीस खिशांत घालून दोन दोन महिने पत्नीस न सांगणारे गृहस्थ आहेत. डबा घेऊन निघतात व स्टेशनावर बसून संध्याकाळीं परत येतात. पत्नीस चिंता नको, असें ते म्हणतात. आमच्या मतें तो लज्जेचा प्रकार आहे, प्रेमाचा नव्हे. आणि विवाहसंस्कारांत दिलेल्या वचनाशीं त्याचा मेळ बसत नाहीं.

शिकण्याची लाजही अशीच. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२१ मध्यें पांपलोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पायास जखमी झाले व त्यांचें शिपाईपण तेथेंच संपलें. पुढें बार्सिलोना येथें, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते लहान मुलांच्या शेजारीं बसून लॅटिनची रूपें पाठ करूं लागले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसावयाचें म्हणून जे छत्तीस वर्षांचे बंधु संकोचतात, त्यांनीं या बाकाचें स्मरण करावें.

आणि दूर कशास जावें ? आपल्या वेशीबाहेर आनंदवन आहे. मुरलीधर देविदास आमटे या वरोऱ्यांतच वकिली करीत होते. १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापन झाली तेव्हां त्यांचें वय चौतिसाचें होतें. वकिली मागें टाकून ते कुष्ठरोगाची चिकित्सा शिकण्यासाठीं कलकत्त्यास गेले. मात्र हें उदाहरण देतांना आम्ही सावध असतों. बाबांनीं काम आपण होऊन सोडलें. ज्याचें काम हिसकावलें जातें त्यास त्यागी पुरुषाचा दाखला देणें हें कधीं कधीं निष्ठुरपणाचें होतें. त्यास जवळचे आहेत ते आनंदवनांतले रहिवासी. रोगानें बोटें गेलीं, गांवानें घर घेतलें, धंदा तर कधींच गेला होता. त्या हातांनीं विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, सुतारकाम केलें. सर्वांनीं एकच काम केलें असें नाहीं. कोणाचा कोणता हात कितपत चालतो हें पाहून काम बेतलें गेलें. आम्हांस त्या संस्थेची ही गोष्ट तिच्या कीर्तीहून मोठी वाटते.

आतां कांहीं व्यवहाराचें. कायदा जाणून घ्यावा. एक वर्ष सलग चाकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचें तर एक महिन्याची सूचना किंवा तेवढें वेतन, आणि प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावें, हा नियम १९५३ पासून आहे. १९४७ चा जुना कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तरी हा हक्क राहिला आहे. उलट, कमी केलेल्या कामगारास नवें कसब शिकतां यावें म्हणून मालकानें पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निराळ्या निधींत भरावी अशी तींत भर पडली आहे. ठेकेदारानें मजुरी बुडविल्यास ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हें तत्त्वही १९७० पासून चालत आलें आहे. यास्तव नोटिशीवर, व विशेषतः कोऱ्या कागदावर, न वाचतां सही करूं नये.

भरपाई व भविष्यनिधि यांची रक्कम एकदम हातीं येते, आणि तोच सर्वांत धोक्याचा दिवस. आयुष्यांत इतके पैसे एकत्र पाहिलेले नसतात. नातलगांस वार्ता लागते. नवी चारचाकी ठेक्यावर लावण्याची मसलत निघते. खाणच मिटत असेल तर ती गाडी कोणाच्या ठेक्यावर चालणार, हें विचारणारा एक तरी मनुष्य घरांत असावा. प्रथम सावकाराचें कर्ज फेडावें, मग वर्षभराचें धान्य व शाळेची फी बाजूस काढावी, आणि उरलेल्यांतून नवा धंदा लहान प्रमाणावर, जुनें वेतन चालू असतांच, सुटीच्या दिवसांत करून पाहावा. खाणीच्या वर्कशॉपांत वेल्डिंग करणाऱ्यास, पंप दुरुस्त करणाऱ्यास, वीजतंत्र्यास खाणीबाहेर गिऱ्हाइक आहे. कोळसा भरणाऱ्यास तसें नाहीं, म्हणून त्यानें इतरांच्या आधीं शिकावयास लागावें. परदेशीं नोकरी देतों म्हणून पैसे मागणारा दलाल आला तर १९८३ च्या कायद्याप्रमाणें नोंदणीचा परवाना दाखीव म्हणावें. बहुतेक दलाल पुढल्या रविवारीं दिसत नाहींत.

ज्यांचीं कामें सुरक्षित आहेत त्यांच्याशीं दोन शब्द. बेकार बंधूच्या घरीं जावें, परंतु "कांहीं लागलें कां ?" हा प्रश्न दाराशींच विचारूं नये. त्याच्या मुलांच्या प्रथम कम्युनियनच्या जेवणावळीची तुलना आपल्या जेवणावळीशीं करूं नये. त्यास उपदेशापेक्षां ओळखी अधिक उपयोगीं पडतात. कोणत्या वर्कशॉपांत हात कमी पडतात हें आपल्यांतील दहा जणांस ठाऊक असतें व ज्यास हवें त्यालाच ठाऊक नसतें.

याच कारणानें पुढील महिन्यापासून पहिल्या व तिसऱ्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या कोपऱ्यावरची खोली आम्ही उघडी ठेवणार आहों. धर्मग्रामांतील एक निवृत्त हिशेबनीस व एक वकील तेथें विनामूल्य बसण्यास कबूल झाले आहेत. ख्रिस्ती असण्याची अट नाहीं. येतांना नेमणुकीचा कागद, भविष्यनिधीचा क्रमांक व मागील तीन महिन्यांच्या वेतनपावत्या आणाव्या. शक्य तर पत्नीसही बरोबर आणावें. पावत्या कोठें ठेविल्या आहेत हें बहुधा तिलाच ठाऊक असतें.