कुटुंबातील बोलणे आणि अबोला
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही बराच विचार केला. शिक्षण, विवाह, उद्योगधंदे या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण या व्यासपीठावरून प्रतिवर्षी ऐकता. तसला अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु एका बाबतीत आमच्या हातून मोठी चूक झाली आहे. आणि ज्याची चूक झाली त्याला त्या विषयापुरते बोलण्याचा थोडासा अधिकार येतो, अशी आमची समजूत आहे. घरच्या माणसांनी एकमेकांशी बोलणे, हा तो विषय होय.

विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. घरात बोलत कोण नाही? सकाळी चहापासून रात्री अंथरुणे घालीपर्यंत बोलणे चालूच असते. तथापि ते बोलणे कशाचे असते हे एक दिवस बारकाईने पाहावे. दूध आले का, विजेचे बिल भरले का, पाहुणे किती वाजता येणार! हे सर्व कामापुरते बोलणे. मनातले बोलणे म्हणून जे असते, ते आपल्या घरांत फार थोडे होते. आणि जे होते ते बहुधा तिसऱ्याच माणसापाशी होते.

याचे मूळ आपल्या जुन्या रिवाजात आहे. आमच्या लहानपणी सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. पाने वाढून झाली की ती आम्हां पोरांपैकी एखाद्यास म्हणे, "बाळ, आजोबांना सांग, पाने घेतली आहेत." आजोबा दोन हातांवर बसलेले असत, त्यांना ते स्पष्ट ऐकू येई, पण निरोप पोहोचल्यावाचून ते उठत नसत. नवराबायकोने एकमेकांचे नाव घ्यावयाचे ते मंगलप्रसंगी उखाण्यात, एरवी "अहो" आणि "ऐकलंत का" यांवर संसार चाले. या रिवाजाला त्याची शोभा होती, हे आम्ही नाकारीत नाही. एका छपराखाली पंधरावीस माणसे नांदवावयाची, तर बोलण्याला बांध घालणे त्या काळी सोयीचेही असेल. परंतु त्या बांधाआड पुष्कळ माणसे मनातल्या मनात आयुष्य काढून गेली, हेही तितकेच खरे.

पत्रांचीही तीच गोष्ट. आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 साली सुरू झाले, आणि पुढे शंभर वर्षे आपल्या कुटुंबांचे सारे दळणवळण या उघड्या कार्डाच्या आधाराने चालले. मायना मोठा सुरेख असे. जन्मदात्यांस 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप', धाकट्यांस 'चिरंजीव'. कोणाचे कोणाशी काय नाते आहे हे पहिल्या ओळीतच कळे. त्यानंतर 'विनंती विशेष', येथील क्षेम, तेथील क्षेम, पावसापाण्याची हकीकत, आणि शेवटी 'लोभ असावा'. सासरी गेलेल्या मुलीने माहेरी घातलेले कार्ड पुष्कळदा घरातील चार जणांच्या डोळ्यांखालून जाई. तेव्हा ती बिचारी "मी येथे सुखात आहे" याखेरीज काय लिहिणार? तिच्या आईने अक्षरांच्या वळणावरून काय तो तर्क करावयाचा.

आमचे वडील आम्हांस असेच कार्ड लिहीत. मॅट्रिकनंतर आम्ही शिक्षणासाठी गाव सोडले, त्या दिवसापासून दर पंधरवड्यास एक कार्ड येई. त्यात पैसे पाठविल्याची तारीख असे, प्रकृतीस जपण्याची सूचना असे. "तुझी आठवण येते" असे त्यांनी कधी लिहिले नाही, आणि आम्हीही लिहिले नाही. ते वारल्यानंतर माजघरातील खुंटीवर एक तार सापडली. पूर्वी कागदपत्रे अशी तारेत ओवून ठेवीत, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. त्या तारेत आमची सर्व पत्रे तारखेच्या क्रमाने ओवलेली होती. फी भरल्याचे एका ओळीत कळविलेले कार्डसुद्धा. वडिलांचे आमच्यावर किती प्रेम होते हे आम्हांस त्या दिवशी कळले. परंतु आम्हांस ते कळले हे त्यांना कळवावयाचा मार्ग आता उरला नव्हता.

रिवाज बाजूस ठेवून मन मोकळे केले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वजण आदराने घेतो. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पती गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास, आणि त्या ध्यासापायी त्यांचे वागणे कित्येकदा फार कठोर होई. 1883 साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. मध्ये सातासमुद्रांचे अंतर, आणि पत्र पोहोचावयास कित्येक आठवडे लागावयाचे. पण एका घरात राहून जे बोलता आले नाही, ते या विदुषीने त्या अंतरावरून लिहिले. लहानपणी पतीच्या हातून झालेल्या मारहाणीचा उल्लेखही त्यांनी पतीलाच लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे केला आहे. यात विशेष हे की, ही तक्रार त्यांनी जगापाशी केली नाही, ज्याची होती त्याच्यापाशी केली; आणि ती करीत असताना आदर सोडला नाही व उपकारही विसरल्या नाहीत. 1886 साली त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. इतक्या अल्प आयुष्यातही मनातले सांगावयाचे त्यांनी ठेवून दिले नाही. आम्ही मात्र त्यांच्या तिप्पट आयुष्य घेऊन ते ठेवून देतो.

आता आमच्या चुकीकडे वळतो. आमचे वडील बंधू गावी राहात, आई त्यांच्यापाशी असे. आम्ही नोकरीनिमित्त मुंबईस होतो. 1994 साली आईच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ती आम्हांस महिन्याने, एका लग्नात भेटलेल्या नातलगाकडून समजली. आम्ही चकित होऊन विचारले, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "तुम्हांला कळवू नका, असे दादांनीच सांगितले होते." एवढेच वाक्य. आम्ही ते मनात धरले. आईवर आमचा हक्क नाही काय? आम्ही परके झालो काय? दूरध्वनी दोन्ही घरांत होता. उचलून विचारावयास पाच मिनिटे पुरली असती. आम्ही विचारले नाही. दादांनाही आमचे तुटक वागणे दिसत होते. त्यांनीही विचारले नाही. त्यांचा थोरपणा आड आला, आमचा मान आड आला. सणावारी जाणेयेणे कमी झाले. मुलांची वास्तपुस्त बायका परस्पर करीत. आम्ही दोघे भाऊ एकमेकांस निरोप धाडू लागलो.

1999 साली आई गेली. तेरा दिवस आम्ही दोघे एका घरात होतो. दर्भ आणले का, भटजींना कळविले का, पानावर किती माणसे होतील, यापलीकडे आमचे बोलणे गेले नाही. आणखी दोन वर्षांनी पुतणीच्या लग्नाच्या याद्या करावयास बसलो असता, एका रात्री दादा आपणहून म्हणाले, "तुझे काय बिनसले आहे, ते मला आजवर कळलेले नाही." तेव्हा आम्ही ते सात वर्षांपूर्वीचे वाक्य बोलून दाखविले. दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी म्हटले होते, त्याला कळवू नका, त्याच्या घरी आधीच आजारपण आहे, जिवाला घोर नको." त्या वर्षी आमच्या मंडळींचे मोठे दुखणे निघाले होते, हे खरे होते. निरोप्याने अर्धे वाक्य आणले होते आणि अर्धे वाटेत पडले होते. त्या गृहस्थास आम्ही दोष देत नाही. निरोप तो निरोप, त्यात शब्द येतात आणि स्वर राहून जातो. दोष आमचा, की आम्ही अर्ध्या वाक्यावर सात वर्षे काढली. आम्हां भावांचा समेट झाला. परंतु तो पाहावयास आई नव्हती. शेवटची पाच वर्षे तिने दोन मुलांच्या मध्ये बसून काढली, आणि तिनेही कधी एका शब्दाने विचारले नाही.

आज साधनांची वाण नाही. दारात तारवाला दिसताच घरात रडारड होत असे. ती तारेची सेवाही 2013 च्या जुलैत बंद झाली. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. परदेशातील नातवंडे पडद्यावर दिसतात, हसतात, ही लहान गोष्ट नव्हे. प्रत्येक कुटुंबाचा व्हॉट्सअॅपवर गट आहे आणि त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रे येतात. तथापि मुलगा पडद्यावर विचारतो, "जेवण झाले का?" वडील म्हणतात, "झाले. तुमचे?" हे जुने कार्डच नव्हे काय? 'येथील क्षेम, तेथील क्षेम' तेवढे वेगाने जाऊ लागले. नोकरी गेली हे मुलगा सांगत नाही. रात्री झोप येत नाही हे वडील सांगत नाहीत. एकमेकांस घोर नको म्हणून दोघेही गप्प. दादांनीही घोर नको म्हणूनच कळविले नव्हते, हे कृपा करून ध्यानात घ्यावे.

आम्ही उपदेश करीत नाही. ठेच लागलेला मनुष्य वाटेतील दगड दाखवितो, इतकेच. नाजूक गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून पाठवू नये आणि तिसऱ्याच्या तोंडून आलेली मूळ माणसास विचारल्यावाचून खरी मानू नये. शब्दाने शब्द वाढतो असे आपण म्हणतो, पण अबोल्याने अबोलाही वाढतो, आणि तो मोडावयास अधिक कठीण जातो. प्रथम कोणी बोलावे हा प्रश्न पडल्यास थोरल्याने बोलावे. थोरला चुकल्यास धाकट्याने थांबू नये. आपल्या मुलामुलींची लग्ने ठरविताना देण्याघेण्याची व मानपानाची बोलणी चार बैठकांत होतात. वधूवरांना आपसांत मोकळेपणी बोलावयास निदान तितका वेळ द्यावा. सूनबाईचे कौतुक शेजारणीपाशी करतो, ते सूनबाईपाशी करावे. वडीलधाऱ्यांनी आपले दुखणे, आपली इच्छा, घरादाराची व्यवस्था मुलांना एकत्र बसवून स्वमुखाने सांगावी. म्हणजे मागाहून कोणी कोणाच्या अर्ध्या वाक्यावर भांडणार नाही.

संक्रांतीस आपण तिळगूळ देऊन एकमेकांस गोड बोलावयास सांगतो. ते योग्यच आहे. आमची एवढीच पुरवणी की, गोड बोलता आले नाही तरी बोलावे, आणि वेळेवर बोलावे.

या सभागृहात आज कित्येक कुटुंबे एकत्र आली आहेत. भाऊ भाऊ, जावा जावा, नणंदा भावजया येथे शेजारी शेजारी बसल्या असतील, आणि काही मुद्दाम दूर दूरही बसल्या असतील. आता भोजनाची वेळ होत आहे. पंगतीत बसताना आज एकदा आपली जागा बदलून पाहावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.