पागा पाहावी पावसाळ्यात



घोड्यावर बसायला कुठे शिकावं आणि घोडा कुठे ठेवावा, या विषयावर बुधवार पेठेत राहणाऱ्या माणसानं बोलावं, याचं काहींना हसू येईल. आमच्याकडे स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिथे घोड्याची काय कथा! माझं अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून मी आयुष्यात घोडे पाहिले ते वरातीतले, मिरवणुकीतले आणि लहानपणी टांग्याला जुंपलेले.

पण थोडं मागे गेलं, तर हा भाग घोड्यांना परका नव्हता. चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, लक्ष्मी रस्त्याला, मुलींची एक शाळा आहे. ती 1884 साली सुरू झाली. तिचं कागदोपत्री नाव वेगळं असलं तरी पुणेकर तिला ‘हुजूरपागा’ म्हणूनच ओळखतात, कारण त्या जागेवर पेशव्यांची खाशी पागा होती. माझी मुलगी त्याच शाळेत जायची. ‘बाबा, शाळेत घोडे होते तर मग आता का नाहीत?’ हा तिचा पहिलीतला प्रश्न.

पालखी पुण्यात आली की लक्ष्मी रस्त्यावर गर्दी होते. माउलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींसाठी मोकळा. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे हे अश्व येतात. मुलगी आठ वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन मी तिथे उभा होतो. मोकळा अश्व पुढून गेला आणि तिनं माझे केस घट्ट धरले. त्या दिवसापासून घरात एकच धोशा सुरू झाला, ‘मला घोड्यावर बसायला शिकायचंय.’

दोन वर्षांनी आम्ही तिला शिकायला घातलं. जागा कशी निवडली? आपण शिकवणीचा वर्ग निवडतो तशीच. घरापासून किती लांब, फी किती, फाटक केवढं, बसायला सावली आहे का, चहा मिळतो का. शहराबाहेरची एक जागा आम्हाला आवडली. पांढऱ्या रंगाचं कुंपण, चकचकीत बूट घातलेले शिक्षक. ‘पंधरा दिवसांत दौडवतो,’ असं ते म्हणाले आणि मी तीन महिन्यांची फी एकदम भरून टाकली. थोडी सूट मिळत होती ना!

तिसऱ्या आठवड्यात मुलगी हळूच म्हणाली, ‘बाबा, त्याच्या पाठीवर जखम आहे. खोगिराच्या खाली. मी आज नाही बसत.’ मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘काही नाही, माशा बसतात. वरून जाड कापड टाकलंय.’ आणि मी, तीन महिन्यांची फी भरलेला बाप, मुलीला म्हणालो, ‘इतक्या लांब आलोय, आता नखरे नकोत. बस.’

ती बसली. दुडक्या चालीत खोगीर जखमेवर आपटलं असावं. घोड्यानं पाठ उचलून झटका दिला आणि मुलगी बाजूला पडली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून निभावलं, पण मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. घोड्याचा काही दोष नव्हता. दोष मुलीचाही नव्हता; तिनं तर आधीच सांगितलं होतं. तिला दिसलं ते मला दिसत नव्हतं, कारण मला माझी फी दिसत होती. हे सांगताना आजही मला अवघडल्यासारखं होतं.

प्लॅस्टर निघायच्या आत ती पुन्हा म्हणाली, ‘मला शिकायचंय. पण तिथे नाही.’ मग कुठे? पूर्वी मंडईजवळ टांगा हाकणारे एक चाचा नातवंडांची पुस्तकं घ्यायला माझ्या दुकानात यायचे. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘शेठ, तुम्ही रविवारी सकाळी गेला असाल. त्या वेळी सगळ्यांचेच घोडे धुतलेले असतात. आडवारी दुपारी जा. न सांगता जा. आणि पावसाळ्यात जा.’

पुढचे तीन महिने आम्ही बापलेक तसेच हिंडलो. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो. ज्यांना मुलांना शिकायला घालायचं आहे त्यांच्याही उपयोगाचं आहे आणि ज्यांना स्वतःचा घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवायचा आहे त्यांच्याही.

पहिली परीक्षा नाकाची. तबेल्यात शिरल्यावर लिदीचा, गवताचा वास येणारच. पण डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, तर समजावं की मुतानं भिजलेली जमीन वेळेवर साफ होत नाही. त्या वासातला अमोनिया घोड्याच्या फुप्फुसांना अपाय करतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर सतत उभं राहून खूर कुजतात. एका मोठ्या घोड्याला साधारण बारा फूट लांब, बारा फूट रुंद, कोरडी आणि हवेशीर खोली हवी. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. तेवढी कोरडी जागा आहे का, हे पाहावं.

दुसरी परीक्षा पाण्याची. घोडा दिवसाला साधारण पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. भर दुपारी बादली रिकामी असेल किंवा तिच्यावर शेवाळ असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

तिसरी परीक्षा वैरणीच्या कोठीची. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान असतं आणि त्याला ओकारी काढता येत नाही. त्यामुळे चुकीचं, बुरशी आलेलं किंवा एकदम फार खाल्लं की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावूही शकतो. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो सुका चारा लागतो, तोही थोडा थोडा, दिवसभर. चंदी, म्हणजे दाणा, त्याच्या कामाच्या मानानं. आता जुलै-ऑगस्टमध्ये कोरडं गवत कुठून आणणार? ज्यानं उन्हाळ्यात साठवलं त्याच्याकडेच ते असणार.

इथे शिवाजी महाराजांच्या एका पत्राची आठवण होते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं हे पत्र पुष्कळांना माहीत आहे ते रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, या आशयामुळे. पण त्यात घोड्यांची काळजी मुळाशी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं महाराज बजावतात. पुढे आगीबद्दल सांगतात: चुली, चिलमी, रात्री जळते ठेवलेले दिवे. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यांनी विचार केला आहे. आज दिव्याच्या जागी लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि बिडी ओढणारी माणसं आहेत. गवताची गंजी घोड्यांपासून किती लांब आहे, आग लागली तर घोडे कुठल्या दारानं बाहेर काढणार, हे आपण विचारावं. ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, त्यानं पागेचा विचार केलेला आहे.

चौथी परीक्षा घोड्याची. आपल्याला पायाकडून घोडा ओळखता येत नाही, पण काही गोष्टी कुणालाही दिसतात. खोगीर काढायला सांगा आणि पाठ पाहा. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, पोटपट्ट्याच्या जागी, तोंडाच्या कोपऱ्यांत जखमा आहेत का? बरगड्या मोजता येतात का? खूर वाढून फाटले आहेत का? साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदानं खूर तासायला हवेत. मोतद्दार जवळ गेला की घोडा कान मागे पाडून कोपऱ्यात सरकतो, की मान पुढे करतो? तुम्ही शिक्षकाशी बोलत असता तेव्हा घोडा मोतद्दाराबद्दल सांगत असतो.

पाचवी गोष्ट आपण सगळे लहानपणी कोड्यात शिकलो आहोत. भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. घोडा हा कळपानं, दिवसभर चरत हिंडणारा प्राणी. तो तेवीस तास खोलीत आणि एक तास रिंगणात असेल, तर तो लाकूड चावू लागतो, जागच्या जागी डुलू लागतो, नाहीतर बाहेर निघताच उधळतो. त्याला मोकळं सोडायला मैदान आहे का आणि रोज सोडतात का, हे विचारावं.

आता शिकवण्याबद्दल. ‘पंधरा दिवसांत दौडवतो’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. चांगला शिक्षक आधी घोड्याजवळ कसं जायचं, खरारा कसा करायचा, खोगीर कसं आवळायचं हे शिकवतो. मग स्वतः मध्ये उभा राहून लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो. स्वारानं लगामाला लोंबकळता तोल सांभाळायचा नसतो, बैठकीवर सांभाळायचा असतो. कदम चाल पक्की झाली की दुडकी, भरधाव फार पुढे. हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट सक्तीचं हवं. टाचेचा बूट हवा, म्हणजे पाय रिकिबीत आरपार जाऊन अडकत नाही.

घोडा कोणता देतात, हेही महत्त्वाचं. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगाम असतो. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पुढे अनेक ठिकाणी शिकवायला येतात. ते उमदे असतात, पण लहानपणापासून त्यांना एकच गोष्ट शिकवलेली असते: पळणं. त्यांना नव्यानं शिकवून शांत करायला काही महिने जातात. नवशिक्या मुलाला वयस्कर, सोशिक घोडा बरा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. एक घोडा दिवसात किती मुलांना घेतो, हे तर नक्की विचारा.

शेवटी कागद. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, रक्ततपासणी यांच्या नोंदी दाखवायला सांगाव्यात. ग्लँडर्स नावाचा घोड्याचा रोग माणसालाही होऊ शकतो. 2006 साली तो महाराष्ट्रात पुन्हा दिसला होता. त्यावर लस नाही आणि लागण झालेल्या घोड्याला दयामरण द्यावं लागतं. त्यामुळे नवा घोडा तपासणीशिवाय आत घेत नाहीत ना, हा प्रश्न खोचक वाटला तरी विचारावा.

ज्यांना स्वतःचा घोडा ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला तो सरकारातून मिळे. आजही शिकणारा मुलगा बारगीर असतो आणि घोडा विकत घेणारा शिलेदार. पण शिलेदार होणं म्हणजे घोडा विकत घेणं नव्हे, तो पोसणं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. आपली बदली झाली, मुलगी परदेशी गेली, तरी तो रोज खाणारच. म्हणून पागेशी लेखी करार करावा. चारा कुठला आणि किती, नालबंदाचे पैसे कुणाचे, आपला घोडा आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देतात का? सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे रात्री दोन वाजता पोटशूळ उठला, तर तिथे झोपायला कोण आहे आणि डॉक्टरला बोलवायचा अधिकार कुणाला? त्या वेळी मालकाचा फोन लागेपर्यंत थांबणं घोड्याला परवडत नाही.

आम्हाला अखेर जागा मिळाली ती कच्च्या रस्त्यावरची, पत्र्याची, बिनचहाची. भर पावसात, दुपारी तीन वाजता आम्ही न सांगता गेलो. खोल्यांतली जमीन कोरडी होती. म्हातारा मोतद्दार एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. मुलगी माझ्या कानात म्हणाली, ‘बाबा, इथे.’ या वेळी मी फीचं विचारायच्या आधी तिला विचारलं, ‘तुला काय काय दिसलं?’

ती आजही रविवारी तिथे जाते. स्वतःचा घोडा घ्यायचा विषय एकदा निघाला होता. तिनंच हिशेब मांडला, वर्षांचा आणि वेळेचा, आणि म्हणाली, ‘मी बारगीरच बरी.’ मात्र तिचा नेहमीचा घोडा आता म्हातारा झाला आहे. त्याला स्वार घेणं बंद केलं आहे. तरी तो तिथेच आहे, कोरड्या खोलीत, भरलेल्या बादलीशेजारी. पागा कशी निवडावी, असं मला कुणी एका वाक्यात विचारलं, तर मी सांगेन: जो घोडा आता काही कमवत नाही, तो तिथे कसा आहे ते पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)