मेसेज कोठे अडला?

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणक क्षेत्रावर व्याख्यान म्हटले की वक्ते बहुधा प्रोग्रामिंगविषयी बोलतात. मी आज ज्या कामाविषयी बोलणार आहे, त्या कामाला आपल्या मुलांमध्ये फारशी प्रतिष्ठा नाही. ‘काय करतोस?’ म्हणून विचारले तर मुलगा खाली मान घालून सांगतो, ‘सपोर्टला आहे.’ जणू डेव्हलपमेंटला जागा मिळाली नाही म्हणून तो तेथे जाऊन बसला. माझ्या मते हा गैरसमज आहे, आणि तो आपल्या होतकरू मुलांचे नुकसान करतो.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. एखाद्या बँकेत दहा निरनिराळ्या संगणक प्रणाली असतात. खात्यांची एक, कर्जाची दुसरी, एटीएमची तिसरी, मोबाईलवर एसएमएस पाठविणारी चौथी. प्रत्येकीची मांडणी वेगळी, भाषा वेगळी. त्या सर्वांना एकमेकींशी थेट जोडायचे ठरविले तर ४५ जोडण्या कराव्या लागतील आणि एकीत बदल केला की नऊ ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. म्हणून मध्ये एक इंटिग्रेशन सर्व्हर ठेवतात. तो एकीकडून मेसेज घेतो, दुसरीला समजेल अशा रूपात बदलतो आणि योग्य ठिकाणी पोहोचवितो. आयबीएम कंपनीने एमक्यू सिरीज हे मेसेज वाहून नेणारे सॉफ्टवेअर १९९३ साली बाजारात आणले. मेसेजचे रूप बदलणारा त्यांचा सर्व्हर पुढे मेसेज ब्रोकर, २०१३ पासून इंटिग्रेशन बस आणि २०१८ पासून ॲप कनेक्ट एंटरप्राइज या नावांनी ओळखला गेला. नावे बदलली तरी काम तेच राहिले. मला हीच प्रणाली जवळून ठाऊक असल्यामुळे उदाहरणे तिचीच देतो.

या कामात निष्काळजीपणा झाला तर काय होते याचा दाखला अमेरिकेत घडला आहे. नाईट कॅपिटल ही शेअर दलालीतील मोठी कंपनी. ग्राहकांच्या ऑर्डरी घेऊन बाजारांकडे पाठविणारी तिची प्रणाली आठ सर्व्हरांवर चालत असे. २०१२ च्या जुलैअखेरीस नवा प्रोग्राम बसविताना तो सात सर्व्हरांवर गेला, आठव्यावर गेलाच नाही. दुसऱ्या माणसाने येऊन तपासावे असा लेखी नियम नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरचा, कित्येक वर्षे न वापरलेला जुना प्रोग्राम जागा झाला आणि न थांबता ऑर्डरी पाठवू लागला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले.

पण मित्रहो, माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी आणखी दोन आहेत, आणि त्या अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये काढलेल्या आदेशात नोंदविलेल्या आहेत. पहिली अशी की, बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठविले होते आणि त्यांत बिघाडाची खूण होती. ते इशारा म्हणून कोणी पाहिले नाहीत. दुसरी अशी की, गोंधळ सुरू झाल्यावर घाईघाईने नवा प्रोग्राम त्या सात चांगल्या सर्व्हरांवरून काढून टाकला गेला. मग तेथेही जुना प्रोग्राम चालू झाला आणि आग एका खोलीतून आठ खोल्यांत पसरली. दोष कोठे आहे हे न पाहता केलेला उपाय दोषाहून महाग पडला.

आपल्याकडे अशा प्रसंगी सर्रास ऐकू येणारा उपाय म्हणजे ‘रीस्टार्ट मारा’. त्याने कधी कधी काम चालूही होते, पण बिघाडाचा पुरावा जातो आणि तोच बिघाड पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. म्हणून आधी पाहावे, मग हात लावावा.

पाहायचे काय? समजा, एका संस्थेतील पगाराचे मेसेज बँकेकडे जायचे आहेत आणि ते पोहोचत नाहीत. प्रथम रांग पाहा, जिला आम्ही क्यू म्हणतो. तीत किती मेसेज आहेत आणि ती वाचण्यासाठी किती प्रोग्रामांनी उघडली आहे, हे दोन आकडे एकत्र पाहावेत. मेसेज वाढत आहेत आणि वाचणारा एकही नाही, याचा अर्थ पुढचा ॲप्लिकेशन बंद आहे. वाचणारा आहे आणि तरी मेसेज वाढतात, म्हणजे तो मंद झाला आहे किंवा कोठेतरी, बहुधा डेटाबेसपाशी, अडकून बसला आहे. रांग रिकामी असेल तर मेसेज आलेच नाहीत किंवा उचलले जाऊन पुढे कोसळत आहेत. एवढ्या दोन आकड्यांनी निम्मी दिशा कळते.

त्यानंतर लॉग. नवशिका मनुष्य लॉगमधील शेवटची ओळ वाचतो, कारण ती डोळ्यांसमोर असते. शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते. कारण वर कोठेतरी पहिल्या चुकीत असते. या सर्व्हरमध्ये चुका एकात एक गुंफलेल्या येतात आणि सर्वांत आतली चूक खरी असते. काही क्रमांक तर पाढ्यासारखे पाठ करावेत: २०३५ म्हणजे परवानगी नाही, २०५३ म्हणजे रांग भरली, २०५९ म्हणजे क्यू मॅनेजर उपलब्ध नाही, २०८५ म्हणजे त्या नावाची रांगच नाही. हा शेवटचा क्रमांक नवे डिप्लॉयमेंट झाल्यावर हमखास दिसतो, कारण चाचणीच्या सर्व्हरवरील नाव तसेच खऱ्या सर्व्हरवर आलेले असते. प्रोग्रामची फाईल तीच, पण रांगांची नावे व डेटाबेसचे पत्ते प्रत्येक ठिकाणचे वेगळे. ते बदलून घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती वापरावी. हाताने बदल करू नयेत. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपणे आणि डिस्क भरणे ही दोन कारणे इतकी साधी आहेत की हुशार माणसे ती सर्वांत शेवटी पाहतात.

आता सर्वांत नाजूक भाग. एखादा मेसेजच सदोष असतो, उदाहरणार्थ रकमेच्या जागी अक्षरे. ॲप्लिकेशन तो उचलतो, कोसळतो, व्यवहार मागे फिरतो आणि मेसेज पुन्हा रांगेच्या तोंडाशी येतो. मेसेज कितीदा परत आला याची मोजणी सर्व्हर ठेवतो. ठरलेल्या मर्यादेनंतर तो बाजूच्या रांगेत टाकण्याची व्यवस्था केली नसेल, तर एका सदोष मेसेजमागे शेकडो चांगले मेसेज खोळंबतात. ज्याचा कोठेच ठाव लागत नाही असा मेसेज ‘डेड लेटर’ रांगेत जातो. ही रांग म्हणजे कचरापेटी नव्हे. तेथील मेसेजवर तो मूळ कोणत्या रांगेकडे निघाला होता आणि का अडला, हे लिहिलेले असते. ती रांग ‘साफ’ करण्याची आज्ञा एका ओळीची आहे, आणि त्या एका ओळीत कोणाचा तरी पगार किंवा एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती पुसली जाऊ शकते.

याच्या उलट धोका पुन्हा पाठविण्याचा. अडकलेले मेसेज परत सोडताना त्यांतील काही आधीच पोहोचले असतील तर रक्कम दोनदा जमा होते. दोनदा गेलेली रक्कम परत मागणे किती अप्रिय असते, हे ज्या कारकुनाने केले आहे त्याला विचारा. म्हणून प्रत्येक मेसेजचा संदर्भ क्रमांक पलीकडच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय एकही मेसेज पुन्हा सोडू नये, वरिष्ठ फोनवर कितीही घाई करीत असले तरी. येथे नम्रपणे पण ठामपणे ‘दहा मिनिटे द्या साहेब’ म्हणता आले पाहिजे. हे धैर्य कोणत्याही क्लासमध्ये शिकवीत नाहीत.

काही पालकांनी विचारले की यासाठी महागडा कोर्स लावावा लागेल का? माझे मत, सुरुवातीला नको. आयबीएमच्या या दोन्ही सॉफ्टवेअरच्या शिकण्यासाठी व चाचणीसाठी विनामूल्य आवृत्त्या मिळतात. अपाचे कॅमल आणि अपाचे ॲक्टिव्हएमक्यू तर मुक्त सॉफ्टवेअर आहेत. दोन मित्रांनी मिळून एका साध्या संगणकावर दोन रांगा उभ्या कराव्यात, मध्ये एक लहान ॲप्लिकेशन ठेवावा आणि मग एकाने मुद्दाम बिघाड करावा, दुसऱ्याने शोधावा. रांगेचे नाव बदला, परवानगी काढा, रकमेच्या जागी अक्षरे पाठवा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. लॉगमधील इंग्रजी ठरावीक शंभर-दोनशे वाक्यांची असते. वहीत लिहून समोर मराठी अर्थ लिहीत गेलात तर तीन महिन्यांत ती अंगवळणी पडते. शिफ्ट संपताना लिहायची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून नीट लिहा: किती वाजता काय दिसले, काय तपासले, काय बदलले आणि काय बदलले नाही. रात्री दोन वाजता तुमच्या जागी येणारा मुलगा त्या नोंदीवरच पुढचे काम सुरू करणार आहे.