लक्ष देण्याचे शिक्षण

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)



"लक्ष कुठे आहे तुझे?" हा प्रश्न आपल्या शाळांत दिवसातून कितीतरी वेळा विचारला जातो. परंतु लक्ष द्यावे कसे, हे मुलांना क्वचितच शिकविले जाते. अक्षराला वळण लावावे लागते, तसेच मनालाही लावावे लागते.

त्याची एक पद्धत आपल्या राज्याच्या परिचयाची आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरत आली आहेत. विपश्यनेची पहिली पायरी म्हणजे आनापान, अर्थात नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण. २०११ नंतरच्या दशकात राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रमा'द्वारे आनापान शाळांपर्यंत नेले. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१८ साली सुरू झालेल्या आनंद अभ्यासक्रमातही सजगतेच्या सरावाला स्थान मिळाले.

कृती साधी आहे. पाठ ताठ ठेवून स्वस्थ बसावे. श्वास रोखू नये, त्याला लय देऊ नये; नाकपुड्यांपाशी तो जसा जाणवेल तसा जाणावा. मन भटकणारच. ते भटकल्याचे ओळखून, न चिडता परत आणणे, हाच खरा अभ्यास होय. मोठ्या मुलांना दहा मिनिटे आणि लहानग्यांना दोन-तीन मिनिटे पुरेशी आहेत.

तथापि, याबाबत अवास्तव अपेक्षा बाळगू नयेत. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शाळांतील नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सजगतेच्या पाठांनी मुलांच्या मानसिक आरोग्यास अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा मानसिक थकवा मात्र काही काळ कमी झाला.

यातून आपण काय घ्यावे? परिपत्रकाने वर्ग शांत करता येईल. मन शांत करता येणार नाही. म्हणून शिक्षकांनी प्रथम स्वतः काही आठवडे सराव करावा. मुलांवर सक्ती नसावी, गुण नसावेत. ज्याला डोळे मिटण्याची भीती वाटते, त्याला ते उघडे ठेवू द्यावेत. ही तासिका शिक्षा म्हणून तर कधीच वापरू नये.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. उपाशी आलेल्या, घरी मार खाणाऱ्या वा दुःखाने खचलेल्या मुलाला "श्वासाकडे पाहा" एवढेच सांगणे हा उपचार नव्हे. त्याचे ऐकून घ्यावे आणि गरजेनुसार टेली-मानस १४४१६ किंवा चाइल्डलाइन १०९८ या क्रमांकांचे साहाय्य घ्यावे.

पंचायतींनाही यात वाटा उचलता येईल. त्या दहा मिनिटांपुरता शाळेजवळचा ध्वनिवर्धक बंद ठेवण्यास खर्च येत नाही. मुलांनी लक्ष द्यावे असे वाटत असेल, तर आधी आपण मुलांकडे लक्ष दिले पाहिजे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.